मिहीर दोनदा बदलला, भाकरी एकदाच करपते

मालिकेतला नट बदलला की वाहिनीवाले एक प्रोमो टाकून मोकळे होतात. निस्तरायचं आपण, तेही ऐन भाकरीच्या वेळी.

आमच्या मराठवाड्यात रात्रीची मालिका निम्मी बघतात, निम्मी ऐकतात. काठवटीत ज्वारीचं पीठ, तव्यावर भाकरी अन् टीव्हीकडं पाठ. त्यामुळं नवा चेहरा ही बाजेवरच्या आजीची पंचाईत, तर नवा आवाज ही चुलीपुढची. दुसरी जास्त वाईट. अनोळखी आवाज आला की "कोन आलं गं?" म्हणून मान वळते. वरून लावलेलं पाणी वाळायच्या आत भाकरी उलटली नाही तर ती तडकते, मग काही केल्या फुगत नाही. वाहिनीला याचा पत्ताच नसतो.

नट जायची कारणं ठरलेली: तारखा जुळत नाहीत, पैशावरून फाटतं, लग्न, बाळंतपण. कथेत मात्र अपघात होतो आणि पट्ट्या सुटल्या की दुसराच माणूस निघतो. प्लास्टिक सर्जरीनं नाक बदलेल, मान्य, पण उंची? त्यापेक्षा लीप परवडला, म्हणजे कथेनं एकदम काही वर्षं पुढं उडी मारलेली. सगळंच घर एकदम म्हातारं होतं, एकट्यावर संशय येत नाही. पोरांचं तर सोपंच. 'तारक मेहता'तला टप्पू आधी भव्य गांधी, मग राज अनादकत, मग नितीश भलुनी. पोरगं वाढलं म्हणायचं, संपलं. डॉक्टर हाथी मात्र अवघड. निर्मल सोनी, मग कवी कुमार आझाद आणि 2018 साली ते वारल्यावर पुन्हा निर्मल सोनी.

'क्योंकि सास भी'तला तुलसीचा नवरा मिहीर अमर उपाध्यायचा इंदर कुमार झाला, मग रोनित रॉय. नेमकी बदलीच्या दिवशी लाईट गेली असेल तर दुसऱ्या दिवशी भलताच बाप्या तुलसीच्या घरात राजरोस वावरताना दिसणार. आजीच्या लेखी हे पोलिसांत द्यायचं प्रकरण.

समजावताना नटाचं नाव काढायचंच नाही. "नटी बदलली" म्हणालात की "का? काय झालं तिला?" सुरू होतं अन् जाहिराती संपतात. नुसतं नातं सांगायचं. 'माझ्या नवऱ्याची बायको' लागली असेल तर: "ही गुरुनाथची शनाया." तेही चुलीपर्यंत पोचेल अशा आवाजात, पहिल्या जाहिरातीतच. आणि पाठोपाठ, भाकरी उलटा म्हणायचं.

'तारक मेहता'तल्या दयाबेनचं बरं. 2017 पासून तिच्या जागी कुणी आणलंच नाही. माहेरी गेलीय, अहमदाबादेला. आजीला हे लगेच पटतं.

खरा घोळ 'माझ्या नवऱ्याची बायको'नं घातला. शनाया रसिका सुनील होती, 2018 साली ईशा केसकर आली. पंधरवडाभर समजावून आजी जेमतेम वळणावर आल्या. 2020 साली रसिका सुनील परत हजर.

"हीच ती, आजी. पहिलीच."

"मंग ती मधली कोन व्हती?"