दिवाळं काढायचंय? आधी पगार दाखवा!

तुम्ही अमेरिकेत राहता, क्रेडिट कार्डं चार, चारही फुल्ल, हॉस्पिटलचं बिल फ्रीजवर मॅग्नेटने लावलेलं, आणि अनोळखी नंबरवरून फोन आला की घरातले सगळे एकमेकांकडे बघतात. म्हंजे तुम्हाला वाटणार, झालो आपण दिवाळखोर. छे हो! असं आपलं आपण ठरवून कोणी दिवाळखोर होत नसतं. पूर्वी म्हणे सावकार बुडाला की पेढीवर भरदिवसा दिवा लावायचा, गावाला काय ते कळायचं, विषय संपला. इथे दिवा लावायच्या आधी तेलाची पावती मागतात.

तर आधी काय मागायचं ते समजून घ्या. दिवाळखोरी कायद्याचं चॅप्टर (प्रकरण) ७ म्हंजे काही महिन्यांत कार्डाची, दवाखान्याची बहुतेक कर्जं साफ (स्टुडंट लोन सोडून, ते भूत सहसा उतरत नाही). चॅप्टर १३ म्हंजे तीन ते पाच वर्षं कोर्टाच्या देखरेखीखाली हप्ते. अर्थात सगळ्यांना ७ च हवा असतो. आणि हीच गोष्ट कार्ड कंपन्यांच्या जिव्हारी लागली, वर्षानुवर्षं त्यांनी वॉशिंग्टनमध्ये उंबरे झिजवले आणि २००५ मध्ये कायदा आला, नाव 'दिवाळखोरी गैरवापर प्रतिबंध आणि ग्राहक संरक्षण कायदा'. ग्राहकाचं संरक्षण कोणापासून ते लिहिलेलं नाही, बहुतेक त्याच्या स्वतःपासूनच असावं. १७ ऑक्टोबर २००५ ला तो लागू झाला आणि त्याच्या आधीच्या दिवसांत सेल संपायच्या आदल्या रात्री उडते तशी झुंबड कोर्टात उडाली.

तेव्हापासून ७ मागणाऱ्यांसाठी आली मीन्स टेस्ट, म्हंजे ऐपत मोजायची परीक्षा. तुमच्या राज्यात तुमच्या घराएवढी माणसं असलेली सगळी घरं कमाईच्या क्रमाने उभी केली तर मधल्या घराची जी कमाई असेल ती मिडियन. तुम्ही तिच्याखाली असलात तर टेस्टमध्ये पास. वर असलात तर तुम्ही नापास नाही हं, पण पुढचा लांबलचक फॉर्म भरून कमाईतून खर्च वजा करायचे, आणि त्यात जमलं नाही तर कायदा धरून चालतो की तुम्ही गैरवापर करताय. 'गैरवापराचं गृहीतक' असा चक्क शब्दच आहे. घरी तीन महिने वीजबिल थकलंय आणि कागदावर तुम्ही लबाड श्रीमंत.

आता माझा पहिला सल्ला. नोकरी जाणार असेल तर लगेच कोर्टात पळू नका, निवांत बेकार रहा. कारण फॉर्मवर जे 'चालू मासिक उत्पन्न' लिहायचं असतं ते चालू नसतं, ते अर्ज करायच्या आधीच्या पूर्ण सहा महिन्यांची सरासरी असते, तीही टॅक्स कापायच्या आधीची. समजा पगार महिना ९,००० डॉलर, नोकरी गेली जूनअखेर आणि तुम्ही जुलैत अर्ज केला तर जानेवारी ते जून सगळे महिने भरलेले, बारा महिन्यांचा हिशोब १,०८,००० डॉलर, वा काय थाट आहे तुमचा. तेच ऑक्टोबरपर्यंत कळ काढली आणि मधे एक पैसाही आला नाही तर हिशोब येतो ५४,०००. म्हंजे तीन महिने काहीही न करता तुम्ही कायद्याच्या नजरेत निम्मे गरीब झालात, फक्त त्या तीन महिन्यांत खायचं काय हे फॉर्ममध्ये विचारत नाहीत. कंपनीने जाताजाता प्रेमाने सिव्हरन्सचा चेक दिला असेल तर तोही त्याच सहा महिन्यांच्या हिशोबात पडून तुमचा घात करणार. आणि बेकारी भत्ता उत्पन्नात धरायचा की नाही यावर वकीलच अजून भांडतायत, तुम्ही मधे पडू नका.

उत्पन्न कमी होत नसेल तर घर मोठं करा. माणसं जास्त तितका मिडियन वर सरकतो. आता 'घरातलं माणूस' म्हंजे नक्की कोण? गंमत बघा, इतका बारीक कायदा, पण 'हाउसहोल्ड' ची व्याख्याच द्यायची राहून गेली. मग काही कोर्टं म्हणतात छपराखाली जितकी डोकी तितकी माणसं, काही म्हणतात टॅक्स रिटर्नवर जे अवलंबून दाखवलेत तेवढेच, आणि काही म्हणतात जे एका पैशाच्या डब्यातून खातात ते. पहिल्या प्रकारचं कोर्ट मिळालं तर बाळंतपणाला आलेल्या सासूबाईंना सहा महिने ठेवून घ्या, तिसऱ्या प्रकारचं मिळालं तर मात्र त्यांचा खर्च कोण करतं याचा पुरावा लागेल आणि तो विषय तुम्ही घरात काढावा असं मला वाटत नाही.

आणि हे मी चेष्टेत बोलतोय असं समजू नका. नॉर्थ कॅरोलिनातली केस आहे, नवराबायको, दोघांची आधीच्या लग्नाची मिळून पाच मुलं, आईबापांत वाटून राहणारी. तिची दोन मुलं वर्षातले २०४ दिवस घरी, त्याची तीन मुलं १८० दिवस. कोर्टाने काय केलं, भागाकार केला! तिचं एक मूल ०.५६, त्याचं एक मूल ०.४९, पाच मुलं मिळून २.५९ माणसं, मग मोठ्या मनाने पूर्णांक करून तीन. घर पाच जणांचं. २०१२ मध्ये वरच्या, म्हंजे चौथ्या सर्किटच्या अपील कोर्टानेही हेच बरोबर ठरवलं. केस चॅप्टर १३ ची होती पण मोजमाप तेच. जेवायला बसताना ०.४९ मूल किती पोळ्या खातं हे निकालात आलंय का, मला तरी दिसलं नाही.

लग्न झालेलं असेल तर अजून मजा. अर्ज तुम्ही एकट्यानेच केला, कर्जही सगळं तुमचं एकट्याचंच, तरी एका घरात राहता म्हंटल्यावर बायकोचा पगार (किंवा नवऱ्याचा, मी काही भेदभाव करत नाही) पहिल्याच फॉर्मवर चढतो. मिडियनच्या वर गेलात की मग दुसऱ्या फॉर्मवर त्यातला घरखर्चाला न वापरलेला भाग वजा करायचा, तिची स्वतःची टॅक्सची थकबाकी, तिने तिच्या आईवडिलांना पाठवलेले पैसे वगैरे. म्हंजे इतक्या वर्षांच्या संसारात जो हिशोब एकमेकांना दाखवला नाही तो आता कोर्टाला दाखवायचा. रूममेट घरखर्चाला नियमित पैसे देत असेल तर तेही तुमचं उत्पन्न. आजोबांची सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) मात्र धरत नाहीत, त्यामुळे आजोबा हा सगळ्यात फायदेशीर नातेवाईक.

गाडीचं कर्ज फेडलंत? मग बसा बोंबलत. नेव्हाडातल्या एकाची टोयोटा कॅमरी पूर्ण फेडलेली होती, त्याने गाडीच्या मालकीखर्चाचे महिना ४७१ डॉलर वजा करायला मागितले. प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं, २०११ मध्ये आठ विरुद्ध एक असा निकाल, की हप्ताच नाही तर वजावट कसली. तर्काला धरूनच आहे हो, पण धडा काय, ज्याच्या डोक्यावर गाडीचा हप्ता आहे त्याला वजावट आणि ज्याने पोटाला चिमटा काढून गाडी सोडवली तो सधन. तेव्हा मीन्स टेस्टच्या तोंडावर चुकूनही काही फेडू नका.

पण खरं सांगू का, तुमची मूळ चूक वेगळीच आहे. तुम्ही कर्ज काढलं किराण्यासाठी, ऑपरेशनसाठी, पोराच्या दातांसाठी. हे सगळं 'ग्राहक कर्ज'. ही टेस्ट फक्त ज्याचं मुख्यतः ग्राहक कर्ज आहे त्याच्यासाठी असते. निम्म्याहून जास्त कर्ज धंद्याचं असेल तर मिडियन नाही, सरासरी नाही, सासूबाई नाहीत, पगार कितीही असो. रेस्टॉरंट काढून मोठ्ठं बुडायचं सोडून तुम्ही बसलात अपेंडिक्स काढत. तरी मी म्हणत होतो काहीतरी बिझनेस करा.

एक सांगून ठेवतो, फॉर्मवर खोटं लिहायचं नाही, पाच वर्षांपर्यंत आत जाता येतं. आणि थोडे पैसे बाजूला टाकायला लागा. अर्जाआधी क्रेडिट कौन्सेलिंगचा कोर्स करावा लागतो, तिथे सांगतात की खर्च उत्पन्नापेक्षा कमी ठेवावा. नंतर अजून एक कोर्स. चॅप्टर ७ चा वकील सहसा फी आधीच घेतो, कारण उरलेले तुमचे सगळे घेणेकरी बुडणार हे त्याच्याइतकं नक्की कोणाला माहीत असणार? बरेच जण त्यासाठी टॅक्स रिफंडची वाट बघत बसतात. कोर्टाची फी ३३८ डॉलर. अगदीच गरीब असाल तर माफीचा अर्ज करता येतो, पण त्यासाठी परत उत्पन्न दाखवायचं, ते गरिबीरेषेच्या दीडपटीच्या आत पाहिजे. त्यात बसत नसाल तर घाबरू नका, फी चार हप्त्यांत भरायची सोय आहे. तो हप्ता तेवढा चुकवू नका, केस काढून टाकतात.