‘कोणाचाही देह, कसलीही तपासणी नाही’: ह्यूमन कंपोस्टिंगच्या फॉरवर्डचा प्रतिवाद

व्हॉट्सॲपवरच्या कुटुंबगटांत एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा की, अमेरिकेत आता मृतदेहांचे खत करतात, बेवारस देहही सरसकट त्यात टाकतात, मृत्यू कोणत्या रोगाने झाला हे कोणी विचारत नाही आणि तयार झालेले खत भाजीच्या मळ्यांत जाते. वॉशिंग्टन राज्याने 2019 मध्ये कायदा करून 1 मे 2020 पासून ही पद्धत सर्वांआधी लागू केली, म्हणून हे दावे मुख्यतः तिथल्याच नियमांवर पारखणे योग्य ठरेल.

बेवारस देहांचा दावा आधी निकालात काढू. अंत्यविधी ठरवण्याचा हक्क कोणाचा, याचा क्रम तिथल्या कायद्यात घालून दिलेला आहे: मृताने स्वतः लिहून ठेवलेली इच्छा, त्याने नेमलेली व्यक्ती, मग जोडीदार, सज्ञान मुले, आईवडील. हा हक्क असलेल्याच्या संमतीशिवाय मृतदेहाची माती करणारे केंद्र देहावर प्रक्रिया करू शकत नाही, आणि लेखी परवानगी नसेल तर एका वेळी एकाहून अधिक देहांवर प्रक्रिया करण्यासही मनाई आहे. ‘सरसकट’ या शब्दाला इथे कसलाच आधार नाही.

रोगाचा मुद्दा अधिक गंभीर आहे, आणि फॉरवर्ड सर्वाधिक घसरते ते इथेच. इबोला, क्षयरोग आणि क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदूच्या रोगासारखे प्रिऑनजन्य आजार असलेल्यांचे देह वॉशिंग्टनमध्ये या प्रक्रियेसाठी स्वीकारले जात नाहीत. यांतले प्रिऑनचे कारण समजून घेण्यासारखे आहे. लाकडाचा चुरा, लसूणघास आणि पेंढा यांच्यात ठेवलेल्या देहाभोवती सूक्ष्मजीवांच्या क्रियेने उष्णता वाढते, आणि सलग 72 तास किमान 55 अंश सेल्सिअस तापमान राहावे, अशी अट आहे. बहुतेक रोगजंतू एवढ्या उष्णतेत मरतात. प्रिऑन मात्र जंतू नसून घडी बिघडलेले प्रथिन असते, आणि रुग्णालयातल्या नेहमीच्या निर्जंतुकीकरणालाही ते दाद देत नाही, म्हणून अशा देहाला दारातच नकार दिला जातो. रसायने भरून टिकवलेले देहही केंद्रे सहसा घेत नाहीत, कारण सूक्ष्मजीव मारणाऱ्या फॉर्मल्डिहाइडने प्रक्रियेचा मूळ आधारच जातो. न्यूयॉर्कच्या कायद्याने आणखी एक अट घातली आहे: देहात बॅटरी, किरणोत्सारी रोपण किंवा तसले उपकरण असता कामा नये. पेसमेकर आधी काढावा लागतो, जसा तो दहनापूर्वीही काढावाच लागतो, नाहीतर भट्टीत त्याचा स्फोट होतो.

फॉरवर्डवाल्यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. हा नकार निदानावर अवलंबून आहे, आणि हयातीत निदानच झाले नसेल तर अर्जावरून ते कळणार नाही. पण प्रिऑनजन्य आजार वर्षाला दहा लाखांत एक-दोघांनाच होतात, आणि निदान राहून जाण्याचा प्रश्न दफनालाही लागू आहे. त्यावरून ‘कोणी विचारतच नाही’ असे म्हणणे ओढूनताणून काढलेला निष्कर्ष आहे.

शिवाय चाळणी दारापाशी संपत नाही. प्रक्रियेनंतरच्या मातीचे नमुने घेऊन त्यांत विष्ठाजन्य जंतू किंवा साल्मोनेला ठरलेल्या मर्यादेत आहेत का, हे तपासावे लागते. आर्सेनिक दर दहा लाख भागांत 20, शिसे 150 आणि पारा 8 भागांच्या वर चालत नाही. नव्या केंद्राला पहिल्या 20 देहांच्या मातीची चाचणी त्रयस्थ प्रयोगशाळेकडून करून घ्यावी लागते. अखंड हाड, दातातले फिलिंग, सांध्यातला धातू यांचेही अवशेष मातीत राहता कामा नयेत. मर्यादा ओलांडलेली माती कुटुंबाच्या हाती देता येत नाही. आपल्याकडच्या बाजारात मिळणाऱ्या खताच्या किती गोण्यांवर इतक्या कसोट्या लागतात, हा प्रश्न मला इथे विचारावासा वाटतो.

राहता राहिला भाजीचा मळा. कोलोरॅडोने 2021 च्या कायद्यातच ही माती विकण्यास आणि तिच्यावर माणसांसाठी अन्न पिकवण्यास बंदी घातली. वॉशिंग्टनमध्ये एका देहातून साधारण एक घनयार्ड (सुमारे पाऊण घनमीटर) माती होते. ती कुटुंब घरच्या बागेतल्या झाडांखाली घालते, किंवा केंद्रामार्फत राज्याच्या दक्षिणेकडील बेल्स माउंटनसारख्या राखीव जंगलाला देते.