‘गोदावरी जुन्यांनी नासवली’ इतक्यावर भागत नाही

कुंभमेळा जवळ आला की नाशिकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर या अर्थाचा मजकूर फिरू लागतो: गोदावरी जुन्या पिढीने नासवली, निस्तरायचीही त्यांनीच, आम्ही पैसे का मोजायचे?

‘जुन्यांनी नासवली.’ रामकुंड परिसरात नदीचा तळ काँक्रीटने बांधून काढला, हे माप त्यांच्याच पदरात घाला. मैलापाण्याचं मात्र तसं नाही. माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात, त्यातलं 80 टक्के ड्रेनेजला जातं. चौघांच्या घराचे रोज 432 लिटर, आजचे.

‘त्यांनी काहीच केलं नाही.’ तपोवन, आगरटाकळीची मलनिस्सारण केंद्रं मग आभाळातून पडली का? पूर्वी प्रक्रिया केलेल्या पाण्यात बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) लिटरला 30 मिलिग्रॅमपर्यंत चालायचा. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तो 10 वर आणायला सांगितला. शिवाय मलवाहिनी 30 वर्षांच्या हिशेबाने टाकतात, पंप 15 वर्षांच्या. बांधणारा एक आणि पंप बदलणारा दुसरा, हे होणारच.

‘पाणवेली काढल्या, आमचं काम झालं.’ फोटो छान येतात. मैलापाण्यातून नदीत नत्र-स्फुरद उतरतंय तोवर वेल दोन आठवड्यांत दुप्पट होते.

‘आमचा काय संबंध?’ गच्चीवर जा. पुष्कळ इमारतींत पावसाचा पाइप गुपचूप ड्रेनेजच्या चेंबरात सोडलेला असतो. 100 चौरस मीटर गच्चीवर तासात 50 मिलिमीटर पाऊस पडला की 5,000 लिटर पाणी. म्हणजे जवळपास 12 फ्लॅटचं दिवसभराचं सांडपाणी, तेही एका तासात. लाइन तुंबते, चेंबर उसळतं, मैला नाल्यातून थेट नासर्डी या उपनदीत, तिथून गोदावरीत. तपासायला कोरड्या दिवशी गच्चीच्या जाळीत बादलीभर रंगीत पाणी ओता आणि खाली ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण उघडून बघा. रंग दिसला तर पाइप तोडून शोषखड्ड्याकडे किंवा पावसाळी गटाराकडे वळवायचा. ‘बिल्डरने केलंय’ म्हणून सोसायटीच्या सभेत हा विषय दरवर्षी पुढे ढकलला जातो. त्यात तरुण सभासदही मागे नसतात.

उलटी जोडणीही असते. एप्रिलमध्ये पावसाळी गटार वाहत असेल, तर वर कुणीतरी ड्रेनेज त्यात सोडलंय. झाकणं उघडत वरच्या अंगाला जायचं. आत उतरायचं नाही, विषारी वायू असतो. पहिलं कोरडं चेंबर लागलं की ते आणि त्याच्या खालचं ओलं, या दोहोंच्या मध्ये ती जोडणी असते.