फ्लॅक म्हणजे शहरी चोचले? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, भजन मंडळाच्या जुन्या कॅसेटी फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीच न टाकता दाबलेल्या फाईलमध्ये, ठेवा असं मी लिहिलं, तर तुम्ही चांगलंच झापलं. हे शहरी चोचले आहेत, मोबाईलवर 128 च्या (सेकंदाला 128 किलोबिट, हाच बिटरेट) एमपी3त आणि फ्लॅकमध्ये काडीचा फरक कळत नाही, कार्ड मात्र भरून जातं, असं तुमचं म्हणणं. आणि तुम्ही स्वतः सगळ्या फायली 128 च्या 320 करून ठेवल्या.

मोबाईलचं म्हणता ते खरंच आहे. ओलित करताना खिशात वाजणाऱ्या भजनात फरक मलाही सांगता यायचा नाही. 128 ला बहुतेक वेळा 16 किलोहर्ट्झच्या वरचं, म्हणजे अगदी उंच पट्टीचं, कापलं जातं, पण साध्या टेपवर भरलेल्या कॅसेटमध्ये तेवढ्या वर असतंच काय? ऐकायला एमपी3 खुशाल वापरा. ओपस नावाचा दुसरा प्रकार तर त्याहून लहान फाईलमध्ये बरं वाजतं. व्हॉट्सअ‍ॅपचे व्हॉइस मेसेज त्यातच जातात.

मी बोलत होतो ते जपून ठेवायच्या प्रतीबद्दल. मोठ्या आवाजाखाली जो बारीक आवाज झाकला जातो, तो टाकून देऊनच एमपी3 लहान होतो. हेडफोन लावून खंजिरीची थाप ऐका. कमी बिटरेटला थाप पडायच्या जरा आधीच बारीक फस्स ऐकू येतं आणि झांजेचा खणखणाट फिसफिशीत होतो. उद्या कोणी खरखर काढायला बसलं, इक्वलायझरच्या (जाड-बारीक आवाज कमीजास्त करायच्या) पट्ट्या वरखाली केल्या, की हे झाकलेलं सगळं उघडं पडतं. फ्लॅकमधून मूळ वेव्ह, म्हणजे न दाबलेली फाईल, जशीच्या तशी परत निघते.

आता जागेचं. तासाभराची कॅसेट स्टिरिओ वेव्हमध्ये 600 एमबीच्या वर जाते, 128 च्या एमपी3त 58 च्या आसपास. फ्लॅकचा आकार खरखरीवर ठरतो, कारण खरखरीला काही नेम नसतो, ती दाबली जात नाही. पण गावातला टेप एका माइकचा, मोनो. मोनोतच भरा ना! वेव्हच निम्मी होते, फ्लॅक त्याहून कमी. दोन्ही कानांना तोच आवाज दोनदा साठवायचा काहून?

राहिलं तुमचं 320. 128 करताना जे गेलं ते गेलं. फाईल अडीचपट झाली, आणि वर दुसऱ्यांदा कापाकापी झाली ती वेगळीच. पाणी घातलेलं दूध मोठ्या गंजात ओतलं म्हणून घट्ट होते काय, बापा?

मूळ 128 वाल्या फायली असतील तर त्या ठेवा, 320 पुसून टाका. कॅसेट अजून घरात असेल तर टेपचं हेड साफ करून पुन्हा भरा, भरताना आवाजाची पातळी लाल रेषेला टेकू देऊ नका, आणि एक प्रत मंडळातल्या दुसऱ्या कोणाच्या घरी ठेवा.