दापोली ते रत्नागिरी, एकटीने, आणि त्या पुलांबद्दल थोडं

दापोलीहून रत्नागिरीला किती वेळ लागतो असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, कुठून जाणार? खेड, चिपळूण, संगमेश्वर, हातखंबा असं हायवेने गेलात तर साडेतीन-चार तास, मध्ये कामं चालू असतील तर तुमचं नशीब. आणि समुद्राच्या कडेकडेने गेलात तर अख्खा दिवस. मी डिसेंबरात रजा टाकली, गाडी काढली आणि दुसरा रस्ता धरला, एकटीच. आता कुणी म्हणेल त्यात पोस्ट लिहिण्यासारखं काय, तर शेवटपर्यंत वाचा, कारण मला पुलांबद्दल बोलायचंय आणि त्यावर आपल्याकडे लोक जरा जास्तच भावुक होतात.

सकाळी दापोलीत चांगली थंडी होती, काचेवर दव. दाभोळला उतरताना रस्ता असा काही वळतो की खाडी दिसते म्हणेपर्यंत गायब, परत दिसते, परत गायब. मी आधी चंडिकेच्या देवळात गेले. गुहेतलं देऊळ, आत वीज नाही, समईच्या उजेडात चाचपडत जायचं. मग खाली अंडा मशीद, खरं नाव शाही मशीद, घुमट बघितला की अंडा का म्हणतात ते कळतं. हे आज झोपाळू वाटणारं गाव एके काळी बहामनी राज्याचं मोठं बंदर होतं, अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात भारत फिरून परत निघाला तो इथूनच जहाजात बसून. आणि आज त्याच धक्क्यावर आपण वॅगनआर घेऊन उभे, पुढे एक गॅस सिलेंडरचा टेम्पो, मागे चार-पाच बाइक.

दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ पासून चालू आहे. ती नव्हती तेव्हा समोर दिसणाऱ्या धोपाव्याला गाडीने जायचं तर खेड-चिपळूण करून गुहागरकडे वळसा, म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर, आणि समोरच्या किनाऱ्यावरची माणसं इथून दिसतात हो! पाण्यातून दहा-पंधरा मिनिटं. कोकणातलं सगळं त्रांगडं हेच आहे. आमच्या नद्या सह्याद्रीतून निघतात त्या आखूड, पण समुद्राला मिळताना एवढ्या रुंद होतात आणि भरतीचं पाणी एवढं आत शिरतं की पूल बांधायचा तर वरच्या अंगाला, जिथे पात्र अरुंद तिथे. म्हणून मोठा रस्ता आत राहिला आणि किनाऱ्यावरची गावं एकमेकांच्या नजरेसमोर असून लांब राहिली. पूर्वी बोटी होत्या, मुंबईहून निघून दाभोळ, जयगड, रत्नागिरी करत जायच्या, आमच्या आजीला मुंबई म्हटलं की आधी बोट लागणं आठवायचं. त्या बंद पडल्या.

असो, फेरीवर गाडी चढवणं. तो खलाशी पोरगा, विशीतला असेल, नुसत्या दोन बोटांनी गाड्या लावतो. 'या या या, अजून घ्या, अजून, डावीकडे मारा, बस्स.' माझ्या आरशात आणि टेम्पोत चार बोटं जागा उरली असेल. मग त्याने वाकून खिडकीतून आत पाहिलं आणि विचारलं, 'ताई, बाकीचे मागून येतायत का?' म्हटलं नाही, मी एकटीच. 'अच्छा' म्हणाला आणि हँडब्रेक ओढायला सांगून पुढच्या गाडीकडे गेला. हाच प्रश्न दिवसभर झाला. खाणावळीत, देवळाच्या बाहेर, पेट्रोल पंपावर. कुणाचा सूर वाईट नव्हता, उगाच बायकांच्या सुरक्षिततेवर भाषण ठोकायची वेळ माझ्यावर आलीच नाही. बाईने एकटीने गाडी घेऊन निघण्यात कोकणात जर काही अडचण असेल ना तर ती स्वच्छतागृहाची आहे, बाकी काही नाही. जेट्टीवर तासभर थांबायची वेळ आली तर जायचं कुठे? पुरुषांना हा प्रश्न पडत नाही म्हणून तो कुणाच्या यादीतही नसतो. माझा उपाय म्हणजे मोठं देवस्थान दिसलं की गाडी वळवायची, भक्तनिवास असेल तिथे सोय बऱ्यापैकी असते, देवदर्शनही पदरात पडतं.

या फेरीतून वाशिष्ठी नदी ओलांडताना उजव्या हाताला, समुद्राच्या बाजूला, वीज प्रकल्प दिसत राहतो. एन्रॉन, तो उभारणाऱ्या अमेरिकन कंपनीचं नाव. नाव बदलून कितीतरी वर्षं झाली तरी इथे सगळे एन्रॉनच म्हणतात. २००१ मध्ये तो बंद पडला, पुढे २००५ मध्ये सरकारी कंपन्यांनी मिळून नवी कंपनी काढली. त्या काळात गुहागर तालुक्यात भाड्याने खोल्या बांधल्या गेल्या, जमिनी विकल्या गेल्या, मग अचानक सगळं थंड. मला वाटतं इथल्या माणसाला मोठ्या प्रकल्पाचं नाव काढल्यावर जो संशय येतो ना त्याचं मूळ तिथे आहे, आणि तो संशय अडाणीपणा नाही.

गुहागर म्हणजे एक लांबलचक रस्ता, दोन्ही बाजूंना वाड्या, नारळ-सुपारी, मध्ये व्याडेश्वर आणि मागे समुद्र. तिथे एका घरी जेवले. आधी फोन करून सांगावं लागतं, ऐनवेळी गेलात तर काकू सरळ नाही म्हणतात, आणि बरोबर आहे, त्यांनी काय पंगत वाढून ठेवायची का. वालाचं बिरडं, नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि सोलकढी. सोलकढी खरी, म्हणजे नारळ वाटून काढलेला रस आणि आमसुलं, ती रंग घातलेली गुलाबी नाही. काकूंनीही विचारलंच, 'एकट्याच आलात?' मग स्वतःच म्हणाल्या, बरं केलंत, आम्हाला नाही जमलं. आणि मागच्या दाराने वाडी दाखवायला घेऊन गेल्या. आता इथेच मला जे सांगायचंय ते आहे.

त्यांची वाडी रस्त्यापासून सुरू होते. म्हणजे रस्ता, जांभ्याचा गडगा, गडग्याला लागून सुपारी, मग विहीर, मग नारळ, मग पुळण. रस्त्याची रुंदी किती असेल, समोरासमोर दोन एस्ट्या आल्या तर एकीला मागे जावं लागतं. त्या म्हणाल्या, रस्ता मोठा करणार म्हणतात, मोठा करणार म्हणजे कुठून घेणार? एक तर आमच्याकडून नाहीतर समोरच्यांकडून. विहीर रस्त्याच्या बाजूला आहे. विहीर गेली तर वाडी शिंपायची कशाने?

हा रस्ता म्हणजे रायगडातल्या रेवसपासून सिंधुदुर्गातल्या रेड्डीपर्यंत किनाऱ्याने जायचा तो सागरी रस्ता, त्याची गोष्ट जुनी आहे, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासूनची. आता त्यातल्या खाड्यांवर पूल होतायत, रेवस-करंजा, आगरदांडा, बाणकोट, केळशी, दाभोळ, जयगड अशी ती यादी आहे. आणि पुलाची बातमी आली की आमच्या पुण्या-मुंबईच्या ग्रुपांवर रडारड सुरू. अरेरे, फेरीबोटीची मजा गेली! आता काय राहिलं कोकणात! मला हे ऐकून तिडीक येते. वर्षातून दोनदा येणाऱ्या माणसाला गाडीतून उतरून वारा खात सेल्फी काढायला मिळावा म्हणून धोपाव्याच्या बाळंतिणीने रात्री फेरी बंद असताना काय करायचं? पावसात समुद्र खवळला आणि फेरी थांबली तर कॉलेजच्या पोराने पेपर बुडवायचा? मलासुद्धा फेरी आवडते, त्या पंधरा मिनिटांत कुणी काही मागत नाही, फोनला रेंज धड नसते, गाडी बंद, आपण बंद. पण माझी आवड हे कुणाच्या गैरसोयीचं कारण होऊ शकत नाही. पूल व्हायलाच पाहिजेत, लवकर व्हायला पाहिजेत, आणि बाणकोटसारखे अर्ध्यात लटकत राहता कामा नयेत.

पण पूल वेगळा आणि रस्ता रुंद करणं वेगळं. हे दोन्ही एकाच कागदावर, एकाच भाषणात, एकाच नारळाने उरकलं जातं आणि मग जो रुंदीकरणाला विरोध करतो तो विकासाला विरोध करतो असं ठरतं. काकूंना पूल हवाय. त्यांच्या लेकीचं सासर दापोलीकडे आहे. त्यांना विहीरपण हवी आहे. यात काय विसंगत आहे मला कळत नाही.

पुढे असगोली, पालशेत. पालशेतच्या बाजारपेठेत दुकानांच्या पायऱ्या रस्त्यावर आणि समोरून एसटी, मी आरसे मिटून घेतले आणि श्वासही. मग चढ, वर सडा. हे ज्यांनी केलं नाही त्यांना सांगते, या कोस्टल रोडवरून समुद्र सारखा दिसत नाही, बराच वेळ तुम्ही कातळावर असता, सपाट, काळपट तांबडा जांभा, सुकलेलं पिवळं गवत, मध्येच आंब्याची बाग आणि मोहोरावर फवारणी चाललेली. मग एकदम उतार, थंडगार सावली, वाडी, खाडी, परत चढ. पावसाळ्यानंतर याच सड्यांवर फुलं येतात आणि याच सड्यांवर ती कातळशिल्पं आहेत, रत्नागिरी-राजापूरकडे जास्त, २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलेली. सरकारी कागदावर मात्र सडा म्हणजे पडीक. पडीक म्हटलं की काहीही करायला मोकळे.

वेळणेश्वरला पाच मिनिटं, हेदवीच्या दशभुज गणपतीला जरा जास्त (वरती सांगितलेलं स्वच्छतागृहाचं कारण). बामणघळीपाशी गेले तर ओहोटी, भरतीला पाणी खडकातल्या त्या चिरेतून कारंज्यासारखं उसळतं, आत्ता गपगार. एक जोडपं माझ्यावरच वैतागल्यासारखं बघत होतं, जणू मी बंद केलंय.

तवसाळची फेरी लहानशा धक्क्यावरून सुटते. ती चुकली किंवा बंद असली तर भातगाव-राई पुलावरून वळसा. शास्त्री नदी इथे इतकी शांत आणि रुंद असते की समुद्र कुठे सुरू झाला ते सांगता येत नाही. पलीकडे जयगड, किल्ला आहे, दीपगृह आहे, आणि बंदर आणि औष्णिक वीज प्रकल्पही आहे. जयगडहून निवळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर बंदराचे अवजड ट्रक असतात. ज्यांना रुंद रस्त्याचं कोकण कसं असेल ते बघायचंय त्यांनी त्या रस्त्याला अर्धा तास उभं राहावं. झाडांच्या पानांवर धूळ, कडेच्या चहाच्या टपरीला ताडपत्री, आणि रस्ता ओलांडायला दोन्ही बाजूंना बघत ताटकळलेल्या शाळेच्या पोरी. मी तिथून मालगुंडच्या दिशेने सटकले.

मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर आहे, १८६६ चा जन्म, स्मारक नीट ठेवलंय, मी गेले तेव्हा आत चिटपाखरू नव्हतं. दोन-तीन किलोमीटरवर गणपतीपुळ्याला मात्र पार्किंगसाठी हाणामारी. मी थांबले नाही, बाप्पाला गाडीतूनच नमस्कार. मग आरे-वारे, आणि इथे पहिल्यांदा रस्ता खरोखर समुद्राच्या डोक्यावरून जातो. सुंदर आहे, वादच नाही, पण वळणावर गाडी लावून दार रस्त्यात उघडं टाकून फोटो काढणाऱ्यांनी जरा कमरेत वाकून आपल्या बुद्धीला नमस्कार करावा. पाण्यातही उगाच उतरू नका, तिथला समुद्र दिसतो तसा नाही, लोक बुडालेत.

काळबादेवी, कासारवेली, साखरतर, शिरगाव करत शहरात शिरले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं आणि रत्नागिरीने स्वागत केलं ते खोदलेल्या रस्त्याने आणि हॉर्नने. दिवसभर एस्ट्यांना वाट देत आलेल्या माणसाला पहिला सिग्नल डोक्यात जातो. तरी थिबा पॉइंटला गेले. ब्रह्मदेशाचा राजा थिबा, १८८५ मध्ये इंग्रजांनी राज्य घेतलं आणि त्याला इथे आणून ठेवलं, राजवाडा बांधून झाला १९१० च्या सुमारास आणि १९१६ मध्ये तो इथेच गेला. वरून खाली काजळी नदी, भाट्याची खाडी आणि तिच्यावरचा पूल.

तो पूल बघत बसले बराच वेळ. कारण रत्नागिरीच्या दक्षिणेला हा प्रयोग होऊन गेलाय ना. भाट्याला पूल आहे, पूर्णगडला मुचकुंदीवर पूल आहे, जैतापूरला पूल आहे. पावसची, पूर्णगडची रया गेली का? नाही. पुलावरून एसटी जाते, मासळीच्या पाट्या घेऊन बायका बसतात, ॲम्ब्युलन्स जाते, आणि पूल संपला की रस्ता परत तसाच अरुंद, गडग्यांमधून वळत जाणारा. चालतं की. गाडी हळू चालवावी लागते एवढंच. मग दाभोळला आणि जयगडला पण असंच करा ना, पूल द्या आणि गावातला रस्ता आहे तसा ठेवून नुसता नीट ठेवा, खड्डे बुजवा, एस्ट्यांना समोरासमोर जाता येईल अशा जागा ठिकठिकाणी काढा. आणि फेरीवर जी पोरं काम करतात त्यांची सोय पुलाच्या उद्घाटनाच्या आधी ठरवा, नंतर नव्हे. ज्या पोराने चार बोटं जागेत माझी गाडी बसवली त्याला पुढे काय, हा प्रश्न फोटोची मजा जाण्यापेक्षा मोठा आहे.

रात्री मांडवीजवळ बांगडा खाल्ला, तिरफळ घातलेला, उत्तम. उद्या भाट्याच्या पुलावरून पावस, पूर्णगड आणि पुढे आडिवऱ्याची महाकाली. आडिवऱ्याच्या आसपास बरं जेवण कुठे मिळतं ते कुणाला माहीत असेल तर सांगा. पाटीवर 'घरगुती' लिहिलेलं हॉटेल नको, खरंच घर पाहिजे. आणि हो, स्वच्छतागृह कुठे बरं आहे तेही सांगा, लाजू नका.