भुकेची वाट पाहू नका

वजन वाढावं म्हणून भुकेची टॉनिकं पिणाऱ्यांची मला कीव येते. इंदुरात राहून ज्याला खायला आधी भूक लागावी लागते, त्याने खुशाल दुसऱ्या गावी बदली मागावी.

हे माझं एकट्याचं मत नाही. 2016 मध्ये लंडनच्या संशोधकांनी मोठ्या माणसांच्या खाण्याच्या सवयी मोजायला 35 वाक्यांची प्रश्नावली काढली. भुकेचा वजनाशी त्यांना धड संबंध लागेना. संबंध लागला तो खाणं दिसताच हात पुढे जाण्याशी आणि मन बिघडलं की तोंड चालवण्याशी. आमच्या इंदुरातल्या राजवाड्यावरून एक चक्कर मारली असती तर प्रश्नावली छापायचा खर्च वाचला असता.

तेव्हा सकाळी घरचे पोहे खाऊनच दूध आणायला निघा. कोपऱ्यावर पोह्यांचं पातेलं वाफाळत असेल, शेजारी जिलबी तळली जात असेल. पोट भरलेलं आहे ही तुमची खासगी बाब. वास सार्वजनिक आहे. वर शेव, जिरावन मसाला, आणि समोरून "और भिया!" म्हणत कोणी आलाच तर त्याच्यासोबत आणखी एक प्लेट. एकट्याला खाऊ देणं आपल्यात बसत नाही.

रात्रीचं मात्र वेळापत्रक पाळा. घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक 1999 मध्ये जपानी शास्त्रज्ञांना सापडलं. ते मोठं वक्तशीर आहे. रोजच्या खाण्याची वेळ जवळ आली की आपणहून वाढू लागतं. रोज अकराला सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत जात राहा. पुढे पुढे घरी श्रीखंड-पुरी झालेली असली तरी पावणेअकराला पोटच चप्पल शोधायला लागेल.

आता वेग. पोट भरल्याची बातमी मेंदूपर्यंत पोचायला वीसेक मिनिटं लागतात, म्हणून जेवण दहात उरका. आमचे एक काका एका पोळीला अर्धा तास लावतात आणि सत्तरीतही लग्नातला कोट घालून मिरवतात. पंगतीत अशा माणसाशेजारी बसू नये. वाढपी त्याच्यापाशी थांबतो आणि आपली जिलबी पुढे सरकत नाही.

"पुरे" हा शब्द नवीन जावयाने तीनदा म्हणावा, बाकीच्यांनी म्हणूच नये. आणि पानात काही टाकू नका. स्वच्छतेत 2017 पासून सलग सात वर्षं देशात पहिलं आलेल्या शहराचे आपण नागरिक, नातवाच्या ताटलीत उरलेला लाडू कचऱ्यात कसा जाईल? तो आजीच्या पोटात जातो. (आजीला साखर आहे. ते निराळं.)

मन खट्टू असेल तर गराडू (तळलेला कंद), खुशीत असेल तर रबडी, काहीच वाटत नसेल तर भुट्ट्याचा किस. उपास असला तर साबुदाण्याची खिचडी. एकादशी अन् दुप्पट खाशी हे काय उगाच म्हणतात?

डॉक्टर सांगतील, आपल्या आशियाई अंगाला बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबाने वजनाचा आकडा, 23 च्या वर गेला की जपायला हवं. मान डोलवा. त्यांनाही घरी जाऊन जेवायचं असतं.

वजनकाटा घरात ठेवू नका. बघायचाच असेल तर सराफ्यातला बघा. दिवसा तिथे सोनं तोलतात, रात्री जलेबा. माणसाला त्यावर चढायला अजून कुणी सांगितलेलं नाही.