जुनी शिक्षा ज्युरीपुढे आली म्हणून दावा बुडत नाही

तुरुंग रक्षकांनी अवाजवी बळ वापरलं म्हणून एका कैद्यानं केलेल्या दाव्यावरचा लेख वाचला. कैद्याच्या जुन्या शिक्षा ज्युरीला कळणार, म्हणजे रक्षकांवरचा दावा संपलाच, हा त्यातला निष्कर्ष घाईचा वाटतो. साक्षीदारावर किती विश्वास ठेवावा हे ठरवायला त्याच्या जुन्या शिक्षा दाखवू देणाऱ्या अमेरिकी संघीय पुरावा नियम ६०९ मध्ये १० वर्षांची मर्यादा आहे खरी, पण ती दोषसिद्धी किंवा सुटका, यांतल्या नंतरच्या तारखेपासून मोजतात. त्याच गुन्ह्यात अजून आत असलेल्याला तिचा फायदा नाही. तरी अवाजवी पूर्वग्रह निर्माण करणारा पुरावा रोखू देणाऱ्या नियम ४०३ खाली न्यायाधीश बरेचदा मधला मार्ग काढतात: गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली एवढंच सांगा, गुन्ह्याचं नाव नको. एक सापळा मात्र आहे. धार कमी करायला वादीच्या (म्हणजे कैद्याच्या) वकिलानं स्वतःच त्या शिक्षेचा विषय आधी काढला, तर अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या ओहलर (२०००) निकालामुळे अपिलात तक्रार करता येत नाही.

रक्षकांविरुद्धच्या जुन्या तक्रारींचं गणित वेगळं. 'सवयच आहे त्याला' असं दाखवायला जुन्या कृत्यांच्या पुराव्याबद्दलचा नियम ४०४(ब) मनाई करतो, हेतू दाखवायला वाट ठेवतो. शिक्षा झालेल्या कैद्याला रक्षकाचा दुष्ट हेतू सिद्ध करावाच लागतो, म्हणून तिथे ही वाट चालते. कच्च्या कैद्याच्या दाव्यात त्याच न्यायालयाच्या किंग्सली (२०१५) निकालानंतर बळाचा वापर वस्तुनिष्ठपणे अवाजवी होता का एवढंच पाहतात, मग हेतूचा मुद्दा लंगडा पडतो. लेखातला वादी यांपैकी कोण, ते लिहिलेलंच नाही!